पक्षाघाताची पूर्वसूचना आणि पहिले काही तास : एक आढावा

पक्षाघाताला मराठीत नावांची कमतरता नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो पक्षवध किंवा पक्षाघात या नावाने वातव्याधींमध्ये गणला आहे, बोलण्यात त्याला लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतात, आणि खेड्यापाड्यांत ‘अंगावरून वारं गेलं’ एवढ्यावरच ऐकणाऱ्याला सगळे कळते. शरीराची एक बाजू अचानक निकामी होते, हे या आजाराचे दृश्य रूप या नावांनी अचूक टिपले आहे. मात्र त्यांच्या वापरातून दोन समजुतीही रुजल्या. पहिली अशी की आजार हातापायांचा आहे. दुसरी ‘गेलं’ या भूतकाळी क्रियापदातच दडलेली आहे, ती अशी की जे व्हायचे ते होऊन गेले असून आता शेक, मालीश आणि शुश्रूषा एवढेच हाती उरले आहे. गेल्या तीस वर्षांतील संशोधनाने ही दुसरी समजूत पूर्णपणे खोटी ठरवली आहे, आणि तरीही रुग्णाला कोठे न्यायचे व किती घाईने न्यायचे याचे निर्णय आजही बहुधा तिच्यावरच बेतलेले असतात.

मूळ बिघाड मेंदूच्या रक्तपुरवठ्यात असतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचे रक्त थांबले तर त्याला रक्तरोधजन्य पक्षाघात म्हणतात, आणि वाहिनी फुटून मेंदूत किंवा मेंदूभोवती रक्त साचले तर त्याला रक्तस्रावी पक्षाघात म्हणतात. मुंबईत २००५ व २००६ या दोन वर्षांत झालेल्या लोकसंख्याधारित नोंदणीत पहिल्या प्रकाराचे प्रमाण सुमारे ८० टक्के आणि दुसऱ्याचे १८ टक्क्यांच्या आसपास आढळले. रुग्णांचे सरासरी वय ६६ वर्षे होते आणि त्यांतील जवळपास ३० टक्के रुग्ण पहिल्या २८ दिवसांतच दगावले. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, हृदयाची अनियमित धडधड आणि मानेतील मोठ्या धमन्यांत साचलेला मेदाचा थर ही या आजाराची परिचित कारणे आहेत, आणि त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे त्यांचा केवळ उल्लेख पुरेसा आहे.

गुठळी अडकल्यानंतर काय घडते हे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे, कारण तातडीचा सगळा विचार तेथूनच सुरू होतो. अडलेल्या भागाच्या मध्यावरील पेशी काही मिनिटांतच मरतात; पण त्याभोवती एक मोठा पट्टा असा असतो, की ज्याला आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून जेमतेम जगण्यापुरते रक्त मिळत राहते. हा पट्टा काम करत नाही, म्हणून हात उचलला जात नाही आणि शब्द फुटत नाही, परंतु तो अद्याप मेलेला नसतो. ग्रहणाच्या वेळी गडद छायेभोवती जी फिकट छाया दिसते तिच्यावरून या पट्ट्याला उपच्छाया असे नाव मिळाले आहे. वेळ जाईल तसतशी गडद छाया पसरते आणि उपच्छाया आक्रसत जाते. अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये केलेल्या हिशेबानुसार, मोठी वाहिनी अडलेल्या सर्वसाधारण रुग्णाच्या मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला नष्ट होतात. नातेवाइकांना दिसणारा लुळा हात हा म्हणून दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज असतो: काही भाग कायमचा गेलेला, आणि बराचसा भाग वाट पाहत असलेला.

या वाट पाहणाऱ्या भागासाठी १९९५ पर्यंत वैद्यकाच्या हाती फारसे काही नव्हते. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील ६२४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटले. लक्षणे सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिल्यास, तीन महिन्यांनंतर अपंगत्व जवळपास न उरण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी वाढते, असे तीत आढळले. याच चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत लक्षणे वाढवणारा रक्तस्राव झाला, तर औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते; ही गोष्ट दडवून उपचाराची महती सांगणे योग्य नव्हे. रक्तस्रावाचा हा धोका जमेस धरूनही एकूण लाभ औषधाच्याच बाजूने राहिला. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. पण मुदत वाढली याचा अर्थ सवड मिळाली असा घेता येत नाही. २०१४ मध्ये सर्व प्रमुख चाचण्यांतील रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा असे दिसले की पहिल्या ३ तासांत उपचार मिळालेल्या दर दहा रुग्णांमागे एक जादा रुग्ण जवळपास पूर्ण बरा होतो, आणि ३ ते साडेचार तासांच्या टप्प्यात तोच लाभ एका रुग्णाला मिळण्यासाठी सुमारे वीस जणांना औषध द्यावे लागते. औषध तेच, मात्रा तीच, आणि दीड तासाच्या उशिराने त्याचे मोल निम्मे झाले.

अल्टेप्लेजचा बहुतांश भाग तासभर सलाइनसारखा थेंबाथेंबाने द्यावा लागतो. त्याच कुळातील टेनेक्टेप्लेज हे नवे औषध एकाच इंजेक्शनात काही सेकंदांत देता येते, त्यामुळे लहान रुग्णालयात सुई टोचून रुग्णाला लगेच पुढे पाठवणे शक्य होते. हे औषध पुण्यातील जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी तयार करते, म्हणजे महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ते परदेशातून येण्याची वाट पाहावी लागत नाही. गुठळी मोठ्या धमनीत असेल तर मात्र औषध बहुधा अपुरे पडते. अशा वेळी जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी प्रत्यक्ष ओढून काढली जाते. या प्रक्रियेला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. २०१५ मध्ये नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्पेन इत्यादी देशांतील पाच चाचण्यांनी तिचा लाभ निःसंशयपणे सिद्ध केला. योग्य निवडलेल्या दर २.६ रुग्णांमागे एकाचे अपंगत्व किमान एका पायरीने कमी होते, असा त्यांचा एकत्रित निष्कर्ष आहे, आणि आधुनिक वैद्यकात इतका ठळक लाभ देणारे उपचार थोडेच आहेत. २०१८ मधील दोन चाचण्यांनी विशिष्ट चित्रणाच्या आधारे निवडलेल्या रुग्णांत ही प्रक्रिया १६ ते २४ तासांपर्यंतही उपयोगी ठरते असे दाखवले. म्हणून साडेचार तास उलटून गेले असले तरी ‘आता काय उपयोग’ असे म्हणून रुग्णाला घरी ठेवणे चूक आहे.

यातील कोणताही उपचार सीटी स्कॅनशिवाय सुरू करता येत नाही, कारण लुळा पडलेला हात पाहून आत गुठळी आहे की रक्तस्राव हे अनुभवी तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही, आणि गुठळीचे औषध रक्तस्रावात दिल्यास ते प्राणघातक ठरू शकते. ताजे साकळलेले रक्त सीटीच्या चित्रात ठळक पांढरे दिसते, त्यामुळे रक्तस्राव असेल तर तो पहिल्याच नजरेत ओळखता येतो. गुठळीमुळे झालेला बिघाड मात्र पहिल्या काही तासांत चित्रात जेमतेमच उमटतो, अनेकदा उमटतही नाही. ‘सीटी नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून सुटकेचा श्वास टाकणाऱ्या आणि रुग्णाला घेऊन घरी परतणाऱ्या कुटुंबांना ही एक गोष्ट कोणीतरी थांबवून समजावली पाहिजे: एका बाजूचा हात उचलत नसताना पहिल्या दोन तासांतला नॉर्मल सीटी याचा अर्थ आजार नाही असा होत नाही, तर रक्तस्राव नाही आणि इंजेक्शनचा विचार तत्काळ करता येईल असा होतो.

लक्षणे ओळखण्यासाठी इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाअखेरीस रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांकरिता जी सोपी कसोटी तयार झाली, तीच आज जगभर वापरली जाते. रुग्णाला हसायला किंवा दात दाखवायला सांगावे, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू मागे राहते का ते दिसते. दोन्ही तळहात वर करून हात समोर धरायला सांगावे. दुर्बल बाजूचा हात तळवा आत वळत हळूहळू खाली येतो, आणि ही हालचाल इतकी बोलकी असते की एकदा पाहिलेली व्यक्ती ती विसरत नाही. मग एखादे साधे वाक्य म्हणायला लावावे. शब्द अडखळतात, भलतेच शब्द येतात, किंवा विचारलेले समजतच नाही. पुढे या कसोटीत अचानक तोल जाणे आणि अचानक दिसेनासे होणे किंवा एकाचे दोन दिसणे यांची भर पडली, कारण मेंदूच्या मागील भागातील पक्षाघात पहिल्या तीन खुणांतून निसटतो आणि ‘पित्ताची चक्कर’ म्हणून घरीच राहतो. आयुष्यात कधी दुखले नाही असे, क्षणात कळसाला पोहोचणारे डोके दुखणे ही मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची खूण असते. या सर्वांत समान शब्द एकच आहे, तो म्हणजे अचानक. चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडे होण्याचा एक तुलनेने निरुपद्रवी आजारही आहे; त्यात त्या बाजूच्या कपाळाला आठी घालता येत नाही आणि डोळा मिटत नाही, तर पक्षाघातात कपाळ सहसा शाबूत राहते. परंतु हा फरक करण्याचे काम घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी अंगावर घेऊ नये.

येथे पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका यांच्यातील एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. छातीत कळ आली की माणूस स्वतः घाबरतो आणि मदत मागतो. पक्षाघातात बहुधा काहीच दुखत नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांत तर स्वतःचा डावा हात निकामी झाला आहे याची जाणीवच पुसली जाते, आणि ‘मला काहीही झालेले नाही, मला झोपू द्या’ असे ते ठामपणे सांगतात. ज्या घरात वडीलधाऱ्यांचा शब्द मोडण्याची रीत नाही, तेथे या एका वाक्यापुढे अख्खी रात्र निघून जाते. हे बोलणे हट्ट किंवा धीरोदात्तपणा नसून आजाराचेच लक्षण असू शकते, हे जवळच्यांना ठाऊक असणे म्हणून अत्यावश्यक आहे; पक्षाघातात निर्णय घेण्याची जबाबदारी रुग्णाच्या शेजारी बसलेल्या माणसावर येते.

या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे आपोआप ओसरणारी लक्षणे. सकाळी चहा पिताना कप हातातून निसटतो, बशीत चहा सांडतो, बोलताना जीभ जड होते. घरातले धावत येतात, पाणी शिंपडतात, आणि दहा मिनिटांत सगळे पूर्ववत होते. कप पुन्हा भरला जातो आणि अशक्तपणा, ॲसिडिटी, झोप न होणे अशी कारणे त्यावर चिकटवली जातात. वैद्यकात या घटनेला ट्रान्झिएंट इस्केमिक अटॅक, संक्षेपाने टीआयए, म्हणजेच मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील क्षणिक खंड असे नाव आहे. गुठळी अडकली आणि सुदैवाने स्वतःच सुटली, असा तिचा अर्थ. एका डोळ्यावर पडदा ओढल्यासारखे होऊन काही मिनिटांत पुन्हा दिसू लागणे हाही तिचाच एक प्रकार आहे. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की टीआयएनंतरच्या ९० दिवसांत सुमारे १० टक्के रुग्णांना पक्षाघात होतो आणि त्यांतील निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच गाठतो. ओसरलेले लक्षण म्हणजे टळलेले संकट, ही समजूत त्यामुळे साध्या अज्ञानापेक्षा अधिक घातक ठरते.

या ठिकाणी घाईचे मोल किती, हे ऑक्सफर्डमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एक्स्प्रेस या अभ्यासाने दाखवून दिले, आणि तो या विषयावरील सर्वांत बोधप्रद अभ्यास म्हणावा लागेल. त्याच्या पहिल्या टप्प्यात टीआयए किंवा सौम्य पक्षाघात झालेल्या रुग्णांना तज्ज्ञांची वेळ ठरवून मिळत असे आणि सल्ल्याचे पत्र त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जात असे; पहिले औषध हाती पडेपर्यंत मधल्या रुग्णाचे २० दिवस जात. दुसऱ्या टप्प्यात रुग्ण कोणतीही वेळ न ठरवता थेट येऊ लागले, त्यांची त्याच दिवशी तपासणी झाली आणि औषधे तेथेच सुरू झाली. २० दिवसांचा तो काळ एका दिवसावर आला. ९० दिवसांत पक्षाघात होण्याचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर उतरले. कोणतेही नवे औषध यात वापरले नव्हते. रक्त पातळ राखणाऱ्या, रक्तदाब आटोक्यात ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या जुन्याच गोळ्या केवळ लवकर दिल्या गेल्या. पुढे २०१३ मध्ये चीनमधील मोठ्या चाचणीने पहिल्या २४ तासांत ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल एकत्र सुरू केल्यास धोका आणखी घटतो असे दाखवले. मानेची धमनी अरुंद झाली असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर उपचार वेगळे असतात, म्हणून या गोळ्या घरी स्वतःच सुरू करायच्या नसतात. त्याच दिवशी मज्जाविकारतज्ज्ञापर्यंत किंवा तशी सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत पोहोचायचे असते.

महाराष्ट्रातील वास्तव या ज्ञानापासून किती दूर आहे, याचे एक विश्वसनीय मोजमाप गडचिरोलीतून मिळते. ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी जिल्ह्यातील ८६ गावांत दोन वर्षे झालेल्या मृत्यूंचा माग घेतला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पक्षाघात हे तेथील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले, एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के त्याचे होते, आणि पक्षाघाताने दगावलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के लोकांनी घरीच प्राण सोडला. हा श्रीमंत शहरांचा आजार आहे, ही कल्पना यापुढे कोणालाही बाळगता येणार नाही. थ्रॉम्बेक्टॉमीची सोय मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत एकवटलेली असताना दुर्गम गावातील रुग्णाने वेळेत तेथे पोहोचणे बहुतेक वेळा शक्य नसते, आणि त्याचा दोष कुटुंबाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

तरीही जो वेळ कुटुंबाच्या हाती असतो, तो कोठे जातो हेही स्पष्टपणे मांडले पाहिजे. तेल चोळणे, कबुतराचे रक्त लावणे, लकव्याचे औषध देणाऱ्या जाणकाराकडे नेणे हे एक झाले. शिकलेल्या घरांतही उशीर होतो, फक्त त्याचे रूप वेगळे असते: ओळखीच्या डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत थांबणे, शहरातला मुलगा येईपर्यंत निर्णय लांबवणे, आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सीटी स्कॅन नसलेल्या जवळच्या रुग्णालयात जाऊन तेथे सलाइन लावून बसणे. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून घरातील गोळी जिभेखाली ठेवली जाते, वास्तविक अडलेल्या वाहिनीपलीकडे रक्त ढकलण्यासाठीच शरीराने तो वाढवलेला असू शकतो, आणि तो एकदम उतरवल्यास उपच्छायेचे उरलेसुरले रक्तही तुटते. पाणी, चहा किंवा गोळी तोंडातून देणे धोक्याचे असते, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते फुप्फुसात जाते. रक्तस्राव नाही हे कळल्याखेरीज ॲस्पिरिन देऊ नये. मधुमेही रुग्णाची साखर घरच्या यंत्रावर तपासणे तेवढे उपयोगाचे, कारण साखर फार उतरली तरी अगदी पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात. रुग्णाला एका कुशीवर ठेवावे, १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी किंवा ती लगेच मिळणार नसेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती, सोबत घ्यावी.

आणखी एक तपशील असा आहे की जो केवळ घरचेच देऊ शकतात. वेळ मोजली जाते ती लक्षण दिसल्यापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला होता त्या क्षणापासून. पहाटे साडेपाचला उठताना हात लुळा आढळला, पण तीन वाजता रुग्ण स्वतः चालत लघवीला जाऊन आला होता, हे कोणाला आठवले तर घड्याळ तीनपासून लागते आणि इंजेक्शनची मुदत शाबूत राहते. ते कोणी सांगितले नाही तर रात्री दहापासून लागते आणि मुदत टळलेली ठरते. एका वाक्याने उपचाराचे दार उघडते किंवा बंद होते.

रुग्णालयाच्या आत जाणारा वेळही थोडा नसतो. दारातून आत आल्यापासून इंजेक्शन सुरू होईपर्यंत ६० मिनिटांपेक्षा अधिक लागू नयेत, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. फिनलंडमधील हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयात हा मधला काळ १९९८ मध्ये १०५ मिनिटे होता, तो २०११ पर्यंत २० मिनिटांवर आणला गेला. त्यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत: रुग्णवाहिकेने आधी कळवायचे, रुग्णाची माहिती तो पोहोचण्यापूर्वीच काढून ठेवायची, त्याला खाटेवर न घेता थेट सीटीच्या मेजावर न्यायचे, आणि औषध तेथेच टोचायचे. आपल्याकडे कागदपत्रे, अनामत रक्कम आणि नातेवाइकांची संमती यांत यापेक्षा अधिक वेळ सहज जातो. हजारो रुपयांच्या इंजेक्शनला काही मिनिटांत होकार देणे सामान्य कुटुंबाला अवघड असते, आणि म्हणून हे औषध तातडीच्या विभागात विनामूल्य उपलब्ध असणे ही सोयीची नव्हे, उपचाराच्या परिणामकारकतेची अट आहे.

हे भारतात जमू शकते याची उदाहरणे आहेत. हिमाचल प्रदेशने २०१४ मध्ये सीटीची सोय असलेली सरकारी रुग्णालये मज्जाविकारतज्ज्ञांशी मोबाइलद्वारे जोडली. डोंगराळ जिल्ह्यातील डॉक्टर सीटीची छायाचित्रे पाठवतो, दूरवरचा तज्ज्ञ सल्ला देतो आणि शासनाने मोफत पुरवलेले औषध तेथेच दिले जाते. जर्मनीतील होम्बर्ग येथे सीटी यंत्रच रुग्णवाहिकेत बसवून ते रुग्णाच्या दारी नेण्याचा प्रयोग झाला, आणि आसाममध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याच धर्तीवर फिरते पथक चालवले. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, जिल्हा रुग्णालयांत सीटी यंत्रे आहेत आणि मोठ्या शहरांत तज्ज्ञही आहेत. त्यांना बांधणारा धागा मात्र विरळ आहे. कोणत्या तालुक्यातील रुग्ण कोणत्या रुग्णालयात न्यायचा याची जाहीर यादी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावणे हे त्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करण्याजोगे काम आहे.

ती यादी लागेपर्यंत प्रत्येक घराने, विशेषतः ज्या घरात रक्तदाबाचा, मधुमेहाचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण आहे त्या घराने, जवळच्या रुग्णालयांना आजच फोन करून दोन प्रश्न विचारावेत: रात्री दोन वाजता सीटी स्कॅन होईल का, आणि मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन त्या वेळी मिळेल का. दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणणाऱ्या रुग्णालयाचे नाव आणि क्रमांक घरातल्या सर्वांच्या नजरेस पडेल अशा जागी लिहून ठेवावा.